भिंतीतला हात

इलाही गवंड्याने थापी उलटी धरली आणि दांड्याने भिंतीवर टकटक केली. भिंत खणखणीत वाजायला हवी होती. ती बद्द वाजली. पुन्हा ठोकायला हात उचलला तो तसाच राहिला, कारण त्याच्या डोळ्यांसमोर गिलाव्यातून एक पंजा उमटला होता. ओला, काळसर, पाची बोटं फाकलेला.

"दिसला न्हवं?" सयाजी दारातूनच म्हणाला. स्वतःच्याच घरात ह्या खोलीचा उंबरा ओलांडून यायची त्याची छाती नव्हती. "दर पावसाळ्यात येतोय. चुना फासला, तरी येतोय की."

"कवापासनं?"

"बायडा गेल्यापासनं."

बायडाबाई ही सयाजीची पहिली बायको. प्लेगच्या साली घरं मोकळी करायचा दरबारचा हुकूम झाला, कसबा बावड्यातली माणसं मळ्यात झोपड्या घालून राहिली, आणि बायडाबाई ह्याच खोलीत तापाने गेली. आता दुसरी, चिमणाबाई, पोटुशी होती. ह्या घरात मी राहायची नाही म्हणून तिने बोचकं बांधून ठेवलं होतं. बाजारच्या दिवशी भाऊ न्यायला येणार होता. एकदा गेली की ती परत येत नाही, हे घरातल्या सगळ्यांना कळून चुकलं होतं.

"देवरुषी म्हणतोय, तिला बांधायला भिंतीत खिळा ठोका," सयाजी म्हणाला. "मी म्हटलं, आदी गवंड्याला दावू. घर तुझ्या बानं बांधलंय. त्यो म्हणायचा, भिंतीचं काय वंगाळ झालं तर माझ्या दारात या. मी नसलो तर माझं पोरगं हाय."

"म्हणायचा खरा."

त्या शब्दावरच इलाहीची चूल पेटत होती. गौस गवंड्याची भिंत म्हटलं की माणसं पुढे काही विचारत नसत. बाप कबरीत गेला, पण मुलाला काम अजून बापाच्याच नावावर मिळायचं.

त्याने वाकून पंजा नीट पाहिला. करंगळी आकड्यासारखी बाहेर वळली होती. दगड पडून मोडलेली अब्बाची करंगळी तशीच जुळली होती. लहानपणी कान पिरगाळला जायचा तेव्हा तीच करंगळी गालाला टोचायची.

पहिला थर वाळला का, हे बघायला गौस त्यावर तळवा दाबायचा. ठसा उठला की काम बंद. दुसऱ्या थराचं नावसुद्धा काढू द्यायचा नाही. इथे ठसा उठला होता आणि तरी त्याने वरून थर चढवला होता. खालचा थर ओलाच कोंडला गेला. प्लेगात घर बंद राहिलं, चुलीची ऊब गेली, आणि भिंतीने पोटातलं बाहेर काढलं.

अरे अब्बा, हे काय करून बसलास!

मुकाट्याने खरवडून नवा गिलावा करता आला असता. अब्बाचं नाव राहिलं असतं. पण मग गवंड्याने भूत भिंतीत चिणलं म्हणून चिमणाबाई तिथून धूम पळाली असती.

"वैनींना बोलवा," तो म्हणाला.

चिमणाबाई नवऱ्याच्या पाठीआड उभी राहिली. कोपऱ्यात सासू, धोंडुबाई, मघापासून भिंतीकडे बघत बसली होती.

"वैनी, ह्यो बाईमाणसाचा हात न्हाय. आमच्या बाचा हाय. ही करंगळी बघा. वला थर कोंडला त्यानं. भूत न्हाय, वंगाळ काम हाय. भिंत मी नवी करून देतो."

बोलून झालं आणि बापाच्या कबरीवरची माती उकरल्यासारखं त्याला वाटलं.

चिमणाबाई भीतभीत पुढे आली. तिने आपला पंजा त्या पंजावर ठेवला. तो निम्म्यातच संपला.

"आगं बया!" ती म्हणाली, आणि हसता हसता रडायलाच लागली. "ह्या बाप्याच्या हाताला भ्यालो व्हय मी?"

"गौसचाच्यानं असं करावं?" सयाजी पुटपुटला आणि तिला घेऊन बाहेर गेला. सयाजीच्या तोंडात तीळ भिजत नसे. दिवेलागणीपर्यंत बावडाभर होणार होतं.

"त्येनं न्हाय केलं," धोंडुबाई एकदम बोलली. "सयाजीचं पयलं लगीन तोंडावर आलतं. वाळू दे, वाळू दे म्हणत हुता त्यो. मीच मागं लागलो, उरक म्हणून."

"मग आजवर बोलला न्हाईसा, मावशी?"

"त्येचा हात हाय ह्ये मला कुठं ठावं? मला वाटलं, तीच हाय." तिने पदर तोंडाशी धरला. "बायडाला ताप चढलता. सयाजी गाडी घिऊन वडगावला गेलता. पोरंबाळं वाचवायची हुती रं. मी भाईरनं कडी घातली आन् समद्यांस्नी घिऊन मळ्यात गेलो. आतनं हात आपटत हुती ती. ह्याच भिंतीवर."

इलाहीने भिंतीला टेकलेला हात झटकन काढून घेतला.

"रोज दिवा लावला की हितं बसतो. चुकलं म्हणतो तिला. हात दावती म्हंजी ऐकती, आसं वाटायचं." ती उठली, भिंतीपाशी गेली, वाकड्या करंगळीवरून तिने बोट फिरवलं. "आन् तू म्हणतूस ह्यो गवंड्याचा. मग ती कुठं हाय रं? आता म्या कुणाला म्हणायचं?"

इलाहीने छिन्नी उचलली होती. तो भिंतीकडे बघत राहिला. अब्बाचं तरी ह्या जगात आता एवढंच उरलं होतं. त्याने छिन्नी पुन्हा पिशवीत टाकली.

"आज न्हाय हुयाचं, मावशी. चुना मुरला न्हाय अजून. उद्या येतो."

दाराबाहेर ओल्या पोत्याखाली त्याचं घमेलं होतं. महिनाभर मुरवलेला चुना, लोण्यासारखा मऊ. तो आणून ठेवताना धोंडुबाईनेच पोतं सरकवून बोट लावून पाहिला होता.

तिने एकदा घमेल्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"मुरू दे," ती म्हणाली. "घाई करू नगंस."