निकेत सरांची पहिली

निकेत सर जूनमध्ये नांदेडहून कोकणातल्या काशीदजवळच्या दोनशिक्षकी शाळेत आले. बायको आणि मुलगी सम्यका गावीच राहिल्या. आठ वर्षं सातवीला गणित शिकवलेल्या सरांच्या वाट्याला इथे पहिली आली, आणि पहिलीची अकरा पोरं त्यांच्यापुढे मिठाची गुळणी धरून बसायची.

ऑगस्ट संपला तरी एकालाही अक्षरं जुळवता येईनात. तपासणीला आलेल्या साहेबांनी तसा शेरा मारला. दुसऱ्या दिवसापासून मुख्याध्यापिका जयमाला बाई स्वतःच्या वर्गाला गणितं घालून सरांच्या वर्गात मागे येऊन बसू लागल्या. चार दिवस त्या नुसत्या बघत होत्या.

पाचव्या दिवशी म्हणाल्या, "सर, तुम्ही फळ्याशी बोलता. पोरांना बोलू द्या की."

सरांना ते लागलं. बाईंनी खडू घेतला आणि पोरांना विचारलं, काल घरी काय शिजलं? जूनपासून गप्प असलेली जागृती पुटपुटली, "म्हावरं." बाईंनी मासळीचा तो शब्द जसाच्या तसा फळ्यावर लिहिला. पोरं आधी हसली, मग सगळीच एकदम बोलायला लागली.

तेव्हापासून रोजचा पहिला तास पोरांचा. सर त्यांचे शब्द फळ्यावर लिहीत, एखादा कळला नाही तर मधल्या सुट्टीत बाईंना विचारत. बाई कधी चिडल्या नाहीत. सप्टेंबर सरता सरता जागृतीने बोट ठेवून अख्खा धडा वाचला. बाई दारात उभ्या होत्या. त्या नुसत्या हसल्या.

हे कधी एकदा घरी सांगतो असं सरांना झालं. शाळा सुटल्यावर रेंजसाठी ते किनाऱ्यावर गेले. फोन सम्यकानेच उचलला. तीही यंदा पहिलीत होती.

"पप्पा, मला वाचता येतंय," ती म्हणाली आणि तिने पानभर धडा घडाघडा वाचून दाखवला.

सरांनी विचारलं, "बाळा, सगळ्यात आधी कोणता शब्द वाचलास?"

"आठवत नाही. लई दिवस झाले."

मैत्रिणींनी हाक मारली तशी ती फोन आईकडे देऊन पळाली. बायको विचारत होती, दिवाळीचं तिकीट काढलं का? सरांनी हो म्हटलं. सम्यकाला पुन्हा बोलव, एवढं म्हणेपर्यंत रेंज गेली होती.