प्रतापराव, सरका!

मी प्रतापराव बोलतोय. माणूस नाही हं, पुतळा. रबरी कातडीचा, आत स्पंज भरलेला, सांवेर रोडच्या कारखान्यात जन्मलेला. तुकोगंजातल्या एका हॉस्पिटलात माझी नोकरी आहे. मोठ्या अपघाताची मॉक ड्रिल असली, की मी जखमी व्हायचं. नाव कौसल्या सिस्टरांनी ठेवलं. त्या महूच्या, फौजी घरातल्या. बेशिस्त माणूस त्यांना खपत नाही, आणि माझ्याइतका शिस्तीत पडून राहणारा दुसरा आहे कोण?

पहिल्या ड्रिलमध्ये मात्र माझी पार शोभा झाली. वॉर्डबॉय अर्पित पायाला लाल रंग फासून बोंबलत होता, "अरे भिया, मर गया! पहले मेरे को देखो!" सगळे हसत त्याच्याकडे धावले. नवी नर्स खुशी पट्टी बांधता बांधता फोटोही काढत होती. मी कोपऱ्यात गप्प. माझ्या गळ्यात पाटी होती, 'श्वास अडकतोय'. ती वाचायला कोणी आलंच नाही.

शेवटी कौसल्या सिस्टर माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. "झालं? प्रतापराव गेले!" हसणं बंद. "जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. जो गप्प आहे, त्याला आधी बघायचं. समजलं का खुशी?" खुशीचं तोंड एवढंसं झालं. मला दया आली, पण रागही होता, खोटं कशाला बोलू?

पुढच्या प्रत्येक ड्रिलमध्ये खुशी मला शोधतच आत शिरायची. जिन्याखाली लपवलं तरी शोधायची, पोरगी हट्टी!

मग एका दुपारी, ड्रिलची तयारी चालू असतानाच, खरा फोन आला. मानपूरजवळ बस उलटली होती. बघता बघता पोर्च मोकळं झालं. लाल, पिवळ्या, हिरव्या चादरी पडल्या. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, हिरवी म्हणजे थांबू शकतो. डॉक्टर आपापल्या चादरीपाशी उभे. माझ्यावर हात बसलेली मंडळी ही, बरं का!

गाड्या आल्या आणि एकच कल्लोळ उडाला. एक माणूस मोडलेला हात धरून किंचाळत होता. त्याची बायको खुशीला ओढत होती, "सिस्टरजी, पहले इनको देखो ना!" तिच्या कडेवर सहा-सात वर्षांची पोर, मान टाकलेली. "ये तो सो गई, थक गई बेचारी."

खुशी थबकली. पोरीच्या नाकाशी हात धरला, पोट चाचपलं आणि ओरडली, "लाल! ट्रॉली आणा!"

सगळ्या ट्रॉल्या भरलेल्या. उरली होती फक्त माझी. "प्रतापराव, सरका!" म्हणत तिने मला असं ढकललं, की मी थेट तोंडावर आपटलो. नाक कायमचं चपटं झालं. माझी ट्रॉली त्या पोरीला घेऊन ऑपरेशन थिएटरकडे पळाली. एवढा मान मला आजवर कोणी दिला नव्हता!

पोरीच्या पोटात रक्त साचत होतं. वाचली. शिखा तिचं नाव.

परवा ती टाके काढायला आली. कोपऱ्यात मला बघून थांबली, आणि माझ्या चपट्या नाकाशी आपला हात धरला. मी श्वास घ्यायची किती खटपट केली म्हणून सांगू!

"सिस्टर, ये तो सांस ही नहीं ले रहा! पहले इसको देखो!"

अर्पित खो खो हसला. खुशी नाही हसली. हातातलं काम टाकून ती सरळ माझ्याकडे आली.

तुम्हीही कधी अशा गर्दीत सापडलात, तर असेच या. आम्ही गप्प पडलेले हाक मारत नाही.