लिव्हरवरची दोन बोटं

मित्रांनो, गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली काळपट चकती दिसते ना, ती मी. मी एक जुनी क्लच प्लेट आहे. मोटारसायकलची टाकी सगळे पुसतात, आरसेही पुसतात. आम्हाला बघायचं तर झाकण उघडावं लागतं, म्हणून आमच्याकडे कोणी फिरकत नाही.

तरुणपणी माझ्या अंगावर खरखरीत अस्तर होतं. आम्ही सख्ख्या बहिणी आणि आमच्यामध्ये एकेक पोलादी चकती, अशा ऑइलमध्ये दाटीवाटीने राहायचो. हँडलवरचा क्लचचा लिव्हर दाबला की सैल व्हायचं, सोडला की एकमेकींना घट्ट धरायचं, एवढंच आमचं काम. आम्ही धरलं तरच इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचते. आत मिट्ट काळोख होता, पण मला एकटं कधी वाटलं नाही.

गाडी एका काकांची. मागे काकू बसायच्या. झटका बसला की त्यांची कंबर धरायची, म्हणून काका लिव्हर अगदी हळू सोडायचे आणि नंतरही त्यावर दोन बोटं टेकवून ठेवायचे. "पाळण्यात बसल्यासारखं वाटतं हो," काकू म्हणायच्या. त्यापायी आम्ही अर्धवट सुटून घासत राहायचो, हे दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं.

मग काकू वारल्या. मागची सीट रिकामी झाली. काकांची बोटं मात्र लिव्हरवरच राहिली.

काकांची लेक चढापलीकडे राहते. दर रविवारी ती त्यांना जेवायला बोलवायची. एका रविवारी अर्ध्या चढावर आमची पकड सुटली. इंजिन नुसतं बोंबलत होतं, गाडी जागची हलेना. मी जिवाच्या आकांताने धरलं, पण अंगावर अस्तरच उरलं नव्हतं. जळका वास सुटला. काकांनी गाडी वळवली, उतारावरून घरी आणली आणि लेकीला फोन केला. "आता नाही गं जमायचं यायला. गाडी विकूनच टाकतो."

विकण्याआधी दाखवावी म्हणून ते इथे आले. मेकॅनिकने ऑइल काढलं, झाकण उघडलं, स्प्रिंगा तपासल्या. माझी जाडी मोजून त्याने मान हलवली. माझी पोलादी शेजारीण त्याने काचेवर ठेवून पाहिली. "ही सपाट आहे, चालेल." ती नव्या प्लेटांबरोबर पुन्हा आत गेली. माझ्याकडे तिला वळून बघताही आलं नाही.

"काका, लिव्हरवर बोटं ठेवून चालवता ना?"

"ही मागे असते ना. झटका बसतो तिला," काका म्हणाले, आणि त्यांचा हात मागच्या रिकाम्या सीटवर गेला.

मेकॅनिकने लिव्हरच्या केबलला जराशी ढील दिली. "लिव्हर एवढा मोकळा हलला पाहिजे. गाडी निघाली की बोटं उचला. विकताय कशाला? जा लेकीकडे."

बहिणी भंगारात गेल्या. गिऱ्हाइकांना झीज दाखवायला मी तेवढी खिळ्यावर उरले. इथे मला धरायला कोणी नाही, मित्रांनो, आणि मला फार एकटं वाटतं.

परवा ओळखीचा आवाज आला. दारात काका होते आणि मागे लेक बसली होती. ऑइल बघून झालं. निघताना ती म्हणाली, "बाबा, हळू हं." काकांची दोन बोटं पुन्हा लिव्हरवर टेकली. मेकॅनिकने ओरडायला तोंड उघडलं, मागच्या सीटकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.

मित्रांनो, गाडी निघाली की लिव्हर सोडा. केबलची ढील अधूनमधून तपासत जा. पण त्या काकांना मात्र कोणी टोकू नका. प्लेटा काय, झिजल्या तर नव्या मिळतात.