घोडीच्या पायाखाली

बर्लने तिला न विचारता तिच्या डबल बेसवर पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलून स्पीकरकडे नेणारी चकती, चिकटवला होता. तोही दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने, ज्या पट्टीने लोक गालिचे जमिनीला डकवतात.

चर्चच्या तळघरात सरावासाठी आलेली डेल्फिया दारातच थबकली. साठ-सत्तर वर्षांचा तो बेस, तिच्याहून वीतभर उंच, आणि त्याच्या छातीवर कोटाच्या बटणाएवढी काळी चकती. चकतीतून निघालेली वायर खाली फरशीवर लोळत होती.

"हे कुणाचं काम?"

"माझं," बॅन्जो जुळवत असलेला बर्ल मान वर न करता म्हणाला. "तू ऐकू येत नाहीस, डेल्फी. सहा वर्षं सांगून माझा घसा सुकला. शनिवारी कोल्डवॉटरच्या जत्रेत ऐकू आलीस तर ठीक. नाहीतर पुढच्या मोसमाला मी वेस कॉलिअरला घेतोय. त्याच्याकडे विजेवरचा बेस आहे. वायर खुपसली की झालं."

"अरे, आधी विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

बर्ल स्टिडम तिचा थोरला भाऊ. बँडला स्टिडम हे आडनाव दोघांचं, पण बोलायचं, ठरवायचं आणि टोपी काढून टाळ्या घ्यायचं काम एकट्या बर्लचं. डेल्फिया आठवडाभर शाळेची बस चालवायची आणि शनिवार-रविवारी बावीस वर्षं भावाच्या मागे उभी राहून ताल धरायची. पूर्वी स्टेजवर मधोमध एकच माइक असे, सगळे त्याच्याभोवती दाटीवाटीने वाजवत. तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. जत्रा मोठ्या झाल्या, प्रत्येकाला वेगळी वायर आली, आणि तेव्हापासून हे पालुपद सुरू झालं: डेल्फिया ऐकू येत नाही. तिने बोटं सोलवटेपर्यंत जोर लावला होता. आपल्यातच काही कमी आहे असं समजून घरी एकटीने सराव केला होता. आणि आता हा माणूस चकती चिकटवून मोकळा!

तिने नखाने चकती उचकटली. तिच्याबरोबर वॉर्निशचा एक तुकडा निघून आला आणि खालचं पांढुरकं लाकूड उघडं पडलं. डेल्फियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने बेस पाठीवर मारला आणि जिना चढून निघून गेली.

थर्मन केगलीला सगळं खोरं थर्मनकाका म्हणतं. गॅरेजात बसून चाळीस वर्षं तो लोकांची वाद्यं बरी करत आला आहे, आणि वाद्यं बिघडवणाऱ्यांना शिव्या देत आला आहे. त्याने त्या पांढऱ्या डागावरून अंगठा फिरवला.

"कोण हा गाढव?"

"माझा भाऊ."

"मग बरोबर. बस. तारा आतड्याच्याच ना अजून? मग चुंबकाचा पिकअप बाद. त्याला लोखंड लागतं, आतड्याला तो काय ओळखणार?"

दुसरा पिकअप घोडीच्या पंखाजवळच्या खाचेत खुपसायचा होता. घोडी म्हणजे तारांना उचलून धरणारी लाकडी पट्टी. बेसची घोडी चांगली वीतभर उंच असते. काकाने तो खाचेत बसवला, वायर कोपऱ्यातल्या जुन्या स्पीकरला जोडली. डेल्फियाने तार ओढली. सूर आला, पण त्याच्याआधी बोटाची टकटक आली. खिडकीवर कुणी नख वाजवावं तशी.

"काढा हो हे!" डेल्फिया कानावर हात ठेवत म्हणाली.

"काढतो. ओरडतेस कशाला? मी नाही चिकटवला गालिचा."

तिसरा अगदी पातळ, बिस्किटाच्या कागदासारखा. तो घोडीच्या पायाखाली सरकवायचा. त्यासाठी तारा ढिल्या करायला हव्या, पण काका एकेक तार थोडी थोडी उतरवत होता. सगळ्या तारा एकदम सोडणाऱ्यांचा त्याला भयंकर राग. दाब गेला की बेसच्या पोटातली उभी काठी पडते, आणि मग दिवसभर भोकातून चिमटे घालत बसा.

आधी जाड तारांच्या बाजूचा पाय. तिथे आवाज भरघोस आला, पण एकच सूर फुगून घुमायला लागला आणि बाकीचे त्याच्याखाली गाडले गेले. मग बारीक तारांच्या बाजूचा पाय, जिथे आत ती काठी उभी असते. तिथे प्रत्येक सूर सुटा आला, पण अंगाने किडकिडीत. काकाने कागद नखभर आतल्या कडेकडे ओढला. ऐकलं. अजून अर्धं नख. पुन्हा तारा कसल्या.

"आता वाजव. स्टेजवर वाजवतेस तसंच एखादं धावतं गाणं."

डेल्फियाने वाजवलं. स्पीकरमधून आलेला आवाज तिचाच होता, लाकडाचा, गोल, आणि प्रत्येक ठोका जिथल्या तिथे. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःबद्दल शंका वाटली नाही. काका बाकावर बोटांनी ताल देत होता. तिसऱ्या फेरीला त्याची बोटं थांबली.

"अगं, निघालीस कुठे? गाडी सुटतेय का?"

ती थांबली. खरंच, ती पुढे पळाली होती.

"सवय हो. बर्ल पळतो, म्हणून मीही पळते. नाहीतर त्याचं पळणं उघडं पडतं ना."

थर्मनकाकाने चष्मा काढून पुसला. "बेस नीट ऐकू आला की कोण पळतं ते सगळ्यांनाच ऐकू येतं, डेल्फिया," तो म्हणाला. मग तो तारांवरचे हातांचे डाग पुसत राहिला.

शनिवारी दुपारी दोनला कोल्डवॉटरच्या मैदानावर ऊन रणरणत होतं. स्टेजसमोर नेहमीप्रमाणे प्लायवूडचे तक्ते टाकले होते आणि जाड टाचांचे बूट घालून नाचणारी म्हातारी मंडळी तिथे आधीच जमली होती. आवाजाची पेटी, जिच्या दांड्या वरखाली सरकवून कुणाचा आवाज किती ते ठरतं, ती लव्हेलकडे. आसपासच्या सगळ्या जत्रांत तोच असतो. डेल्फियाने वायर खोचली, एक तार ओढली आणि खाली उतरून थेट त्याच्याकडे गेली.

"लव्हेल, खरं सांग. पोचतेय का मी तुझ्यापर्यंत?"

"पोचायला काय झालंय? झकास आवाज आहे." लव्हेलने मान खाजवली. "तसा आधीच्या माइकमधूनही चांगलाच यायचा."

"मग ऐकू का येत नव्हते मी?"

लव्हेलने इकडेतिकडे पाहिलं. "बाई, तुम्हाला माहीत नाही? बर्ल दर वेळी येऊन सांगतो, बहिणीची दांडी तळाशी ठेव. आजही सकाळी सांगून गेला. मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलेलं असेल."

 सहा वर्षं! सहा वर्षं या माणसाने तिचं तोंड बांधून ठेवलं, आणि वर तिलाच विचारलं, बोलत का नाहीस म्हणून. तिच्या सोलवटलेल्या बोटांकडे पाहून हाच मान हलवायचा, च्च च्च करायचा!

"दांडी वर कर," ती म्हणाली. "जिथे असायला हवी तिथे. बर्ल काही म्हणाला तर माझ्याकडे पाठव."

"मी कशाला मध्ये पडू?"

"सहा वर्षं मध्येच होतास की!"

लव्हेलने निमूट दांडी वर केली.

पहिलंच गाणं धावतं होतं. सुरुवात बर्लची, वेग बर्लनेच ठरवलेला. डेल्फियाने तो वेग उचलला आणि धरून ठेवला. दोन फेऱ्या छान गेल्या. तक्त्यांवर बूट वाजायला लागले. तिसऱ्या फेरीला बर्लची एकट्याने रंगवायची पाळी आली आणि बॅन्जो नेहमीसारखा उधळला. त्याने मान वळवून हनुवटी उडवली. चल, असा त्याचा अर्थ. बावीस वर्षं त्या हनुवटीमागे ती धावली होती.

आज ती धावली नाही. रागाने जोरही लावला नाही. जिथे होती तिथेच ठोका देत राहिली, आणि मैदानाच्या टोकापर्यंत प्रत्येक ठोका स्वच्छ पोचला. फिडल वाजवणारी चुलतबहीण गार्नेट क्षणभर गांगरली, दोघांकडे पाहून डेल्फियाच्या तालाकडे सरकली. मँडोलिनवाला ओरिनही मागोमाग आला. नाचणाऱ्यांनी तर विचारच केला नाही. पाय बेसबरोबरच पडत होते. बर्ल एक अख्खा ठोका पुढे, एकटा. सगळ्या मैदानाला ते ऐकू येत होतं. शेवटी त्याने हात उचलला, दोन ठोके नुसता उभा राहिला आणि मान खाली घालून पुन्हा आत आला.

खेळ संपल्यावर स्टेजमागे त्याने तिला गाठलं. चेहरा लालबुंद.

"भर लोकांत पाडलंस मला!"

"मी हलले तरी का? पळालास तू. सहा वर्षं लव्हेलला काय सांगत होतास, ते सांग आधी."

 बर्ल बॅन्जोची पेटी पालथी घालून तिच्यावर बसला.

"तू नीट ऐकू आलीस की माझं पळणं उघडं पडतं, म्हणून दांडी खाली आणि बोल तुला. मला वाटलं, तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "मला वेग धरता येत नाही हे. म्हणून तर तू माझ्याबरोबर धावायचीस ना?"

हे मात्र तिला लागलं. कारण ते खरं होतं. तिला ठाऊक होतं, पहिल्या वर्षापासून. त्याची लाज झाकायला ती आपण होऊन धावली होती, आणि त्याने त्याच झाकणाखाली तिला दाबून ठेवलं होतं. राग कमी झाला नाही. उलट आता तो दोघांवर आला.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी तुला झाकलं, बर्ल. आणि तू मला पुसलंस. पाचच्या दुसऱ्या खेळाला सुरुवात मी करणार. चार ठोके मी देणार, मग तू यायचं. नको असेल तर वेसला बोलव. पण आधी त्याला विचार, बावीस वर्षं तुझ्यासाठी धावशील का म्हणून."

 वेसला बर्लने फोन केला नाही. पाच वाजता डेल्फियाने चार ठोके दिले, आणि तो तिच्या मागून आला.