पेन चार्ज होतंय का

वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या लिलावाला विश्वंभर बोली पुकारायचा. सव्वीस वर्षं पुकारली. शेडच्या एका टोकाला उभं राहून त्यानं हाळी दिली, की दुसऱ्या टोकाला पोत्यावर डोळा लागलेला माणूस उठून बसायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीसोबत स्वरयंत्रही काढलं. जीव वाचला, आवाज गेला. बायको त्याआधीच वारली होती, लेकरूबाळ नव्हतं. गळ्यात श्वासासाठी ठेवलेल्या छिद्रावर सुती रुमाल बांधून तो डोंगरकडा गावातल्या दोन खोल्यांत एकटा राहायला लागला.

पुण्याला नोकरी करणारी पुतणी पुनम दिवाळीत आली ती टॅब घेऊन. सोबत एक पांढरं पेन. पेनानं काचेवर मराठीत लिहायचं, बटण दाबायचं, की टॅब ते मोठ्यानं बोलायचा. आवाज कोण्या शहरी माणसाचा, सपाट. शेजारच्या मंजुळाबाईनं तो पहिल्यांदा ऐकला आणि कपाळाला हात लावला.

"हा कोण मेला शिरला रे तुझ्यात?"

मंजुळाबाई सत्तरीची. मुलगा आणि सून शेतात गेले, की दुपारची ती विश्वंभरच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळं ऑपरेशननंतर त्यांचं बोलणं तुटलंच होतं. टॅब आला आणि ते पुन्हा सुरू झालं. ती बोलायची, तो लिहायचा, टॅब बोलायचा. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या बोअरला पाणी लागलं. विश्वंभरला दिवसभरात तेवढंच बोलणं असायचं.

एप्रिलमधल्या एका दुपारी पेन वाक्याच्या मधेच थांबलं. त्यानं काचेवर पुन्हा पुन्हा घासलं, काही उमटेना. मंजुळाबाई थोडा वेळ थांबली आणि उठून गेली.

त्यानं पेन चार्जिंगला लावलं. वरचं टोपण काढलं की आत बारीक भोक होतं, त्यात वायर घालायची. लाल लाइट लागला. त्याला बरं वाटलं. तासाभरानं काढून लिहायला गेला, तर दोन शब्द उमटले आणि पेन पुन्हा मेलं. बोटानं लिहून पाहिलं. पण कॅन्सरच्या औषधांनी बोटं बधिर झाली होती. अक्षरं फाटायची आणि टॅब 'पाणी'च्या जागी 'पाटी' म्हणायचा.

डब्यावर कंपनीचा नंबर होता. काही न सुचून त्यानं तो लावला.

"नमस्कार, आपल्याला काय मदत हवी आहे?" पलीकडून मुलीचा आवाज आला.

विश्वंभरनं फोन गळ्याजवळ धरला. छिद्रातून नुसती हवा आली.

"हॅलो? सर, आपला आवाज येत नाहीये. हॅलो?" ती बिचारी दोनदा म्हणाली आणि फोन कटला.

मग त्यानं कागदावर लिहून त्याचा फोटो पुनमला पाठवला. संध्याकाळी तिचं उत्तर आलं, 'काका, लाइट लागतो ना? मग चार्ज होतंय. रात्री बोलते.' रात्री तिचा फोन आला नाही. तिच्या ऑफिसात कामाचा रेटा होता, हे त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई आली. त्यानं पेन दाखवून हातानं 'बंद' अशी खूण केली. तिला वाटलं, बोलणं बंद म्हणतोय.

"काहून रे? माझं काही चुकलं का?"

त्यानं जोरजोरात मान हलवली. व्हय म्हणतोय की न्हाई, तिला कळेना. ती उठली. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. विश्वंभर दार उघडं टाकून लाल लाइटाकडं पाहत बसला. लाइट तर बराबर लागत होता.

चौथ्या दिवशी सकाळीच तो पेन आणि टॅब घेऊन स्टँडजवळच्या मुन्नाच्या मोबाईल दुकानात गेला. कागदावर लिहून दिलं, 'लाइट लागतो, पण पेन चालत नाही. चार्ज होतंय का बघ.'

मुन्नानं वाचलं. "मामा, लाइटचं काही खरं न्हाई. वायर जरा टेकली तरी लागतो तो. आकडा बघावा लागतो." त्यानं टॅबवर पेनाचं नाव शोधलं. शेजारी लिहिलं होतं, चार टक्के. वायर लावून दोघं पाहत राहिले. दहा मिनिटं गेली. चारच.

मुन्नानं पेनाचं भोक मोबाईलच्या उजेडात धरलं. "हे पिवळं काय हाय? मामा, मोंढ्यात जाता का अजून?"

विश्वंभरनं मान खाली घातली. दर मंगळवारी तो जायचा. काम नव्हतं, कोणी बोलावत नव्हतं. आता विजयकुमार नावाचा तरणा माणूस बोली पुकारायचा. विश्वंभर पोत्यांच्या थप्पीला टेकून ती ऐकायचा. पेन खिशात असायचं, टोपण ढिलं. उडालेली हळद आत बसून घट्ट झाली होती.

मुन्नानं बंद पेनातली हळद लाकडी काडीनं, हलक्या हातानं कोरून काढली, ब्रश फिरवला आणि वायर पुन्हा लावली. या खेपेला ती टक्कन बसली. सहा टक्के. नऊ. पंधरा. विश्वंभर तासभर बाकावरून हलला नाही.

घरी न जाता तो थेट मंजुळाबाईच्या दारात गेला. सून शिवकन्या एकटीच ज्वारी पाखडत होती.

"आत्याबाई गेल्या की सकाळच्या गाडीनं," ती म्हणाली. "गोरेगावला, लेकीच्या बाळंतपणाला. दोन महिने तरी येत न्हाईत. तुमच्या दारात जाऊन आल्या, तुमी नव्हते."

विश्वंभर ओट्यावर बसला. मांडीवर टॅब घेऊन त्यानं लिहिलं आणि टॅब बोलला, "माझं पेन बंद होतं."

शिवकन्या दचकली. मग तिच्या ध्यानात आलं. "अगं बाई! अन् त्या म्हणत होत्या, विश्वंभर माझ्यावर रागावला. लई मनाला लावून घेतलं त्यांनी. थांबा."

तिनं फोन लावला आणि टॅबजवळ धरला. विश्वंभरनं बटण दाबलं. "नमस्कार. मी विश्वंभर बोलतो."

"कंपनीचा फोन हाय गं," 'नमस्कार' ऐकूनच मंजुळाबाई पलीकडं कोणाला तरी म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.

शिवकन्याला हसू आवरेना. तिनं पुन्हा लावला. "आत्याबाई, ठेवू नका. विश्वंभर काका हायेत. पेन बिघडलं होतं त्यांचं, राग न्हाई कसला."

पलीकडं कुकरची शिट्टी वाजली.

"मग बोल की," मंजुळाबाई म्हणाली. "लिही सावकाश. मी थांबते."

त्यानं लिहिलं. ती थांबली. पाच-सात मिनिटं झाली असतील, तोच तिकडून लेकीनं हाक मारली आणि मंजुळाबाईला जावं लागलं. शिवकन्याही सूप घेऊन उठली. विश्वंभर घरी आला. ऊन कलायला अजून वेळ होता. त्यानं एकट्यापुरते तांदूळ निवडायला घेतले.