मॅटाडोरचा उंबरा

दगड मारून झाले असतील तर जरा टेका, मित्रांनो. माझी शेवटची धड काच काल तुम्हीच फोडलीत, तेव्हा नेम धरायला आता काही उरलेलं नाही. गुंडूच्या पडीक रानात विटांवर उभी असलेली ही बिनचाकांची जुनी मॅटाडोर म्हणजे मी. तुम्ही मला भुताची गाडी म्हणता. आतल्या पत्र्यावर लाल ओघळ आहेत, ते रक्ताचे आहेत असं तुमच्यातला थोरला शपथेवर सांगतो. ते रक्त नाही. ते कशाचे आहेत हे सांगते, आणि मग तुमच्याकडे माझं एक मागणं आहे.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. कोडोलीच्या कृष्णातने मला नवी कोरी आणली आणि वडापाला लावली. वडाप तुम्हाला माहीतच आहे. गाडी भरल्याशिवाय हलत नाही, आणि कृष्णातच्या मते ती कधीच भरत नसे. दारात लोंबकळणाऱ्यालाही तो आत सरकायला सांगायचा. भाजीच्या पाट्या, कोंबड्या, बाळंतिणी, मुंडावळ्या बांधलेले नवरदेव, सगळ्यांना मी कोडोलीहून कोल्हापुरात आणलं आणि परत पोचवलं. खंडेनवमीला मला धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालत, चाकांखाली लिंबं ठेवत. आपल्यावाचून या रस्त्याचं पान हलत नाही, असं तेव्हा मला खरंच वाटायचं. पुढे नव्या जीपगाड्या आल्या, लोक मला सोडून त्यांच्यात बसू लागले, आणि अठ्ठ्याण्णव साली कृष्णातने मला विकून टाकलं.

मला घेतलं शंकरप्पाने. तो मूळचा निपाणीकडचा. आठवडी बाजारात खण आणि ब्लाऊजपीस विकायचा. बायको गौराबाई आणि शाळेत जाणारी मुलगी शिवांजली, एवढाच त्याचा संसार. मंगळवार पेठेत ते भाड्याच्या खोलीत राहत. अकरा महिने झाले की मालक भाडं वाढवायचा किंवा खोली रिकामी करायला सांगायचा, आणि हे तिघं गाठोडी उचलून पलीकडच्या गल्लीत जायचे. शेवटी शंकरप्पाने ठरवलं की दोन वर्षं गाडीतच राहायचं, भाडं वाचवायचं आणि त्यातून स्वतःची जागा घ्यायची.

गौराबाईने एकच विचारलं, "आनि उंबरा?"

मित्रांनो, ही बाई रोज सकाळी अंघोळ झाली की उंबऱ्याला हळदकुंकू लावायची. प्रत्येक खोलीत लावलं, आणि प्रत्येक वेळी तो उंबरा दुसऱ्याचाच निघाला. घर लहान असो, मातीचं असो, तिला त्याचं काही नव्हतं. उंबरा तेवढा आपला हवा होता. शंकरप्पा म्हणाला, दोन वर्षांत बसवतो. ती गाठोडं बांधायला लागली.

जागा दिली गुंडू म्हशीवाल्याने, नदीकडच्या या सखल रानात. त्याची अट एकच होती. "भाडं नगं मला. पर नदी भायेर पडली की गाडी हलवायची. हितं पाणी येतंय."

माझी बाकडी काढली. फळ्यांचा पलंग केला, त्याखाली खणांचे गठ्ठे रचले. ड्रायव्हरच्या मागे स्टोव्ह आला आणि काचेपुढच्या फळीवर देव बसले. खिडक्यांना खणाच्या उरलेल्या तुकड्यांचे पडदे लागले. मी ठेंगणी, त्यामुळे शंकरप्पाचं डोकं रोज छताला आपटायचं आणि तो रोज मलाच शिव्या घालायचा. शिवांजली बॅटरीवरच्या बारक्या दिव्याखाली अभ्यास करायची. मैत्रिणींना तिने आम्ही मंगळवार पेठेतच राहतो असं सांगितलं होतं. शाळा सुटली की ती त्यांच्याबरोबर पेठेपर्यंत जायची, एका जुन्या घरमालकाच्या दारात थांबायची, त्या दिसेनाशा झाल्या की उलटी फिरून रानाकडे यायची. त्या दाराच्या आत ती कधी गेली नाही.

पहिले काही पावसाळे बरे गेले. नदी पात्राबाहेर आली की शंकरप्पा किल्ली फिरवायचा आणि मी घरासकट वर सडकेला जाऊन उभी राहायची. पाणी उतरलं की परत खाली. लोक भांडीकुंडी डोक्यावर घेऊन पळत असताना गौराबाई माझ्यात बसून भाकरी थापायची. गुंडू म्हणायचा, घर असावं तर असं. तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

पण दोन वर्षांची चार झाली, चाराची सहा. यांनी थोडं साठवावं आणि जागेच्या भावाने पुढे पळावं, असंच चाललं होतं. डिझेल परवडेना, म्हणून शंकरप्पा गाठोडं घेऊन एस.टी.ने बाजार करू लागला. मी रानातच उभी राहायची. आठवड्यातून एकदा तो मला जागेवरच सुरू करायचा, बॅटरी उतरू नये म्हणून. गौराबाईने उंबऱ्याचं नाव काढणं सोडून दिलं. रोज सकाळी ती हळदकुंकवाची बोटं माझ्या दारातल्या पत्र्याला लावायची, आणि दिवसभराच्या चढउतारात ती पुसून जायची.

दोन हजार चार साल सरत आलं होतं. एका सकाळी जंगमस्वामी भिक्षेला आले. माझ्या दारात बसून जेवले. निघताना गौराबाईने भीतभीत विचारलं, की या दाराला लाकडी उंबरा बसवला तर चालेल का. स्वामी हसले. म्हणाले, "चाकावरला उंबरा कसला, बाई? उंबरा जिमिनीला धरून असतोय."

बोलून ते पुढे गेले, आणि वळणापर्यंत पोचेतो विसरलेही असतील. गौराबाई विसरली नाही. ती दोन दिवस धड जेवली नाही. शंकरप्पाला ते बघवेना. त्याच सुमारास टेकडीकडच्या अंगाला जागेचा एक तुकडा ठरत आला होता. आता घर झालंच, असं त्याने मनाशी धरलं होतं. त्याने जॅक लावून माझी चारही चाकं काढली, मला विटांवर बसवलं, आणि टायर विकून वखारीतून सागवानी फळी आणली. सयाजी सुताराने ती रंधून माझ्या दारात चार स्क्रूंनी पक्की केली. घर झालं की हाच उंबरा काढून तिकडे न्यायचा, असं ठरलं.

चाकं काढलेली बघून गुंडूने डोक्याला हात लावला. "शंकरप्पा, पाणी आलं म्हंजे?"

"पावसाच्या आदी पाया निघतोय. चाकं कशाला लागत्यात आता?"

गौराबाईने त्या दिवशी उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, बाहेर रांगोळी काढली, आणि शिवांजलीला बजावलं की उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून यायचं. इतकी वर्षं मी तिला बघत होते. तशी हसताना ती मला पहिल्यांदाच दिसली. चाकं गेल्याचं दुःख मला झालं नाही, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण तिच्याकडे बघून मी ते गिळलं.

पाया काही पावसाआधी निघाला नाही. आणि दोन हजार पाचचा तो पूर तुमच्या घरात विचारा, मोठी माणसं अजून त्याची आठवण काढतात.

दुपारची वेळ होती. गौरी-गणपतीच्या विक्रीसाठी उधारीवर आणलेला माल पलंगाखाली ठासून भरलेला होता. पाणी रानात शिरलं तेव्हा शंकरप्पा सवयीने माझ्या सीटवर चढला आणि त्याने किल्ली फिरवली. मित्रांनो, मी एका झटक्यात सुरू झाले. इंजिनात काही म्हणजे काही दोष नव्हता. तो तसाच स्टिअरिंग धरून बसून राहिला. मी घरघरत होते, आणि जागची हलू शकत नव्हते. गुंडूने कुणाचा तरी ट्रॅक्टर आणला, मला साखळी बांधली. पहिल्याच हिसक्याला विटा सरकल्या आणि मी चिखलात रुतले. मग इंजिनातही पाणी गेलं.

गठ्ठे काढायला वेळ उरला नाही. गुंडू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हात पुढे करून ओरडत होता. आधी शिवांजली उतरली. मग गौराबाई आली. उंबरा तोवर पाण्याखाली गेला होता, कुणाला दिसतही नव्हता. तरी तिने पाय उचलला आणि तो ओलांडूनच ती बाहेर पडली.

पाणी उतरल्यावर त्यांनी माझं दार उघडलं. खणांचे रंग सुटून माझ्या पत्र्यावर ओघळले होते. लाल, हिरवे, जांभळे. हिरवा आणि जांभळा उन्हाने उडाला, लाल तेवढा राहिला. तुम्ही ज्याला रक्त म्हणता ते हे. जागेसाठी साठवलेलं सगळं त्या मालाच्या उधारीत गेलं. टेकडीकडचा तुकडा दुसऱ्याने घेतला.

पूरग्रस्तांना जिथे ठेवलं होतं ती शाळा भरायला लागल्यावर हे तिघं परत माझ्यातच आले. जाणार कुठे? गुंडूने मला ओढून पुन्हा विटांवर बसवलं. पण माझ्या फळ्या आतून ओल्याच राहिल्या. थंडी सुरू झाली आणि गौराबाईला खोकला लागला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, यांना कोरड्या जागेत ठेवा. शंकरप्पाने मान हलवली, औषध घेतलं आणि तिला माझ्यातच आणून निजवलं. मला तेव्हा माझ्या पत्र्याची चीड आली. मी तिचं घर नव्हते, आणि तिला दुसरं घर नव्हतं.

शेवटी शेवटी तिला फारसं बोलवत नसे. एका सकाळी तिने शिवांजलीला जवळ बोलावलं आणि दाराकडे बोट केलं. "घर झालं की ह्योच उंबरा तितं बशीव. नवा घिऊ नगं."

त्याच आठवड्यात ती गेली. त्यांच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात. बसवायची खुर्ची माझ्या दारातून आत येईना, म्हणून शंकरप्पाने तिला दोन्ही हातांवर उचलून उंबऱ्याबाहेर आणलं. त्याचं डोकं छताला आपटलं. त्या दिवशी त्याने मला शिवी दिली नाही.

पुढे बापलेक निपाणीकडे शंकरप्पाच्या भावाच्या घरी राहायला निघाले. शिवांजली उंबरा सोडवायला लागली, तर शंकरप्पा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. घर न्हाई, उंबरा कुटं ठिवतीस?" ती रडली, आणि तो इथेच राहिला. नंतर रानात गवत वाढलं, माझ्यात उंदरांनी घरटी केली, आणि तुम्ही दगड घेऊन यायला लागलात.

परवा शिवांजली आली होती. तुम्ही शाळेत होता. तिचं लग्न झालं आहे. तिने आणि तिच्या नवऱ्याने, रुद्रेशने, मुरगुडात दोन खोल्या बांधल्या आहेत. दाराची चौकट खालच्या बाजूने मुद्दाम रिकामी ठेवली आहे, असं ती गुंडूला सांगत होती. हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि गुंडाळून न्यायला आईचं जुनं लुगडं. ती माझ्या दाराशी आली आणि थांबली. दारात नुसती चार भोकं होती.

गुंडूने खाली बघत सांगितलं, "शिमग्याला पोरांनी न्हेलं, होळीत."

"कुणाच्या पोरांनी?"

"आपल्याच की. आनि कुणाच्या."

आठवलं का, मित्रांनो? लाकडं कमी पडली म्हणून तुम्ही पहार घालून माझ्या दारातली फळी उचकटली होती. चांगली सागवानी होती. इतर लाकडं विझली तरी ती जळत होती, असं तुम्हीच दुसऱ्या दिवशी इथे बसून बोलत होता. मी तुमच्यावर रागावलेली नाही. शिमग्याला लाकडं न्यायचीच असतात, आणि टाकून दिलेल्या गाडीची फळी कुणाची असेल हे तुम्हाला कोण सांगणार?

शिवांजली खाली बसली. एकेका भोकात बोट घालून बघितलं. मग पर्समधून हळदकुंकवाची डबी काढली, त्या उघड्या पत्र्याला हळदकुंकू लावलं, लुगड्याची घडी घातली आणि रिकाम्या हाताने गेली.

भंगारवाला येईल, मला तोडून नेईल. त्याचं मला काही नाही. तोवर तुम्ही माझ्यात खेळा, माझ्या सीटवर उड्या मारा, पत्रा बडवा. फक्त आत चढताना खाली बघा. दारात पत्र्यावर हळदकुंकवाची बोटं आहेत. तिथे पाय देऊ नका, ओलांडून या.