रंगीत कड्या

शनिवारी सकाळी रात्रपाळी संपवून घरी आले, तेव्हा अप्पांनी गाडीचं पुढचं चाक काढून शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. माझी झोप त्या चाकाबरोबरच निघाली म्हणायची.

"हात धुऊन ये, सिस्टर," ते बॉनेटखालूनच म्हणाले. मी नर्स झाल्यापासून वडील मला याच नावाने हाक मारतात. आधी चेष्टेने मारायचे, आता सवयीने.

गाडी आमचीच. महिनाभर रोज सकाळी सुरू केली की डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखडत होती. टायमिंग चेन सैल झाली होती. ही साखळी इंजिनाच्या पोटात असते आणि खालचं एक दातेरी चाक व वरची दोन दातेरी चाकं एका तालात फिरवते. ताल चुकला की आतल्या आत झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन भंगारात जातं. शहाणा माणूस हे काम घरी करत नाही. अप्पांनी गॅरेजमध्ये चाळीस वर्षं केलं होतं, आणि गॅरेज सुटल्यावरही ते या पत्र्याच्या शेडमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या खोलून बसत.

हेच तर दुखणं होतं. गेल्या महिन्यात त्यांनी एका गाडीचं चाक बसवलं आणि नट नुसते हाताने फिरवून सोडून दिले. माझं लक्ष गेलं म्हणून निभावलं. त्याआधी दोनदा शेगडी चालू ठेवून फिरायला गेले होते, पण शेगडी विसरणं वेगळं आणि दुसऱ्याच्या गाडीचे नट विसरणं वेगळं. भावाला फोन केला, तर तो लांबून शहाणपणा शिकवायला मोकळाच.

"पाने काढून घे त्यांचे. शेडला कुलूप घाल."

पाने काढून घे म्हणे. जसं काही पेशंटच्या उशाखालचं विड्यांचं पाकीट काढायचं होतं. मी म्हटलं, दादा, आपल्या गाडीची चेन त्यांना बदलू दे. नीट बदलली तर शेड उघडी राहील, नाहीतर तू म्हणतोस तसं. थोडक्यात, परीक्षा होती, फक्त परीक्षा देणाऱ्याला ते सांगितलं नव्हतं. आणि निकालाला वेळही नव्हता, कारण सोमवारी समोरच्या गणिताच्या बाई ब्रेक बदलायला गाडी आणणार होत्या. त्यांनी आणून दिलेला ब्रेकपॅडचा खोका फळीवर तयार होता.

शनिवारचा दिवस अप्पांनी जिंकला. ऑइल काढलं, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला, पट्टा काढला, पुली काढली. प्रत्येक बोल्ट अंड्यांच्या पुठ्ठ्यात त्याच्या त्याच्या खळग्यात गेला, आणि कुठल्या खळग्यात काय हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. कुठला बोल्ट गंजलाय हे पाना लावायच्या आधीच सांगत होते. मी नुसती बॅटरीचा उजेड धरून उभी, डोळ्यांत रेती. पाय सुजले होते, पण मनातून हलकं वाटत होतं. ते पास व्हावेत असं मला फार वाटत होतं, इतकं की माझ्या स्वतःच्या परीक्षांच्या वेळीही वाटलं नसेल.

"झोप येतेय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग घोरतेस कशाला उभ्या उभ्या?"

रविवारी जुनी साखळी उतरली आणि नवी चढली. नव्या साखळीत तीन कड्या रंगवलेल्या असतात. दोन कड्या वरच्या चाकांवरच्या खुणांवर आणि एक खालच्या चाकाच्या खुणेवर बसवायची. अप्पांनी बसवली, ताण देणाऱ्या खटक्याची पिन ओढली, साखळी टणक झाली. मग पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं. तपासायची हीच रीत.

ते वाकून बघत राहिले. "चुकलं," म्हणाले. "कड्या सरकल्यात. उतरव."

मला अजून सगळं आठवत होतं. शाळा सुटली की मी त्यांच्या गॅरेजात स्टुलावर बसून गृहपाठ करायची. प्रत्येक नवा कारागीर हे दोन फेरे मारून घाबराघुबरा व्हायचा, कारण फिरवल्यावर रंगीत कड्या पुढे निघून जातात, जायलाच पाहिजेत. जुळायला हव्यात त्या चाकांवर कोरलेल्या खुणा. अप्पा खदाखदा हसायचे. "अरे, रंगीत कड्या म्हणजे नवरा-बायको. पहिल्या दिवशी जुळतात. पुढे खुणा बघायच्या आणि संसार करायचा." डबा घेऊन आलेली आई म्हणायची, "खुणा तरी कुठे बघता?"

क्षणभर वाटलं, तेच माझी परीक्षा घेतायत. पूर्वी पोरांची फिरकी घ्यायचे तशी माझी घेतायत, आता हसतील. हसले नाहीत. मी चाकांकडे पाहिलं. तिन्ही खुणा जिथल्या तिथे होत्या.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर निकाल लागला असता. म्हटलं, दुसऱ्या वेळी त्यांच्या आपोआप लक्षात येईल. खटका दाबून पिन घातली, साखळी उतरवली, पुन्हा बसवली. पुन्हा दोन फेरे.

"परत चुकलं." आता त्यांच्या आवाजात चिडचिड होती. "तू बॅटरी नीट धरत नाहीस."

"धरते."

तिसऱ्यांदा पाना त्यांच्या हातातून दोनदा निसटला. बोटाचं सालटं निघालं, तरी पट्टी लावू देईनात. फेरे मारले, वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. इतका थकलेला माणूस मी वॉर्डातही क्वचित पाहिलाय. मला त्यांची दया आली आणि माझी लाज वाटली. दोन्ही एकदमच.

"अप्पा," मी म्हटलं, "कड्या नका बघू. चाकांवरच्या खुणा बघा."

त्यांनी माझ्या हातातली बॅटरी घेतली. वर पाहिलं, खाली पाहिलं, परत वर पाहिलं.

"जुळल्यात."

"पहिल्यापासून जुळल्यात."

बराच वेळ ते फडक्याला हात पुसत राहिले. हात पुसून झाले तरी पुसत राहिले. "नवरा-बायको," शेवटी हळू आवाजात म्हणाले.

"हो."

"तुला पहिल्याच वेळी कळलं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

थाप तयार होती माझ्याकडे. पण दोन दिवसांची झोप राहिलेली असली की थापही धड मारता येत नाही. "बघत होते," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांना सगळं समजलं. चाळीस वर्षं त्यांनीही पोरांना असंच गप्प राहून पारखलं होतं.

ऑइल गळू नये म्हणून कव्हरला लेप लावला, बोल्ट पुठ्ठ्यातून एकेक करून आपापल्या जागी गेले, चाक बसलं. चाकाचे नट त्यांनी पान्याने आवळले, मग मला म्हणाले, "तू पण बघ." मी पाचही नट तपासले. लेप सुकायला उन्हं कलेपर्यंत थांबून ऑइल भरलं आणि मी चावी फिरवली. खडखड गेली होती. इंजिन इतकं एकसारखं चालत होतं की मला हायसं वाटलं, आणि मी मनातल्या मनात दादाला फोनही करून टाकला. चेन नीट बसली म्हणून सांगायचं. खोटं कुठे होतं? पहिल्याच वेळी तर बरोबर बसली होती.

मी गाडीतून उतरले तोवर अप्पांनी फळीवरून ब्रेकपॅडचा खोका काढला होता. त्यावरची धूळ बाहीने पुसून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"बाईंना नेऊन दे. म्हणावं, दुसरीकडे बसवून घ्या."

"अप्पा, ब्रेक तर तुम्ही डोळे मिटून कराल."

"तेच तर," ते म्हणाले. "त्यांच्या गाडीत मागे दोन लेकरं बसतात."

मी इंजिन बंद करायला वळले.

"राहू दे जरा," ते म्हणाले आणि स्टुलावर बसून ऐकत राहिले.